शुक्रवारची सोयरीक

सूर्यभान माळ्याच्या हातात वांग्याचा काटा मोडून बसला होता आणि त्याला त्याची गंधवार्ता नव्हती. काटा दिसला तो बायकोला. हिवाळ्याची सकाळ, वांगी ऐन भरात, दोघं शेजारशेजारच्या सऱ्यांत वाकून तोडत होती. टोपलं सरकवताना सत्यवतीला नवऱ्याच्या कोपराखाली रक्ताचा ओघळ दिसला.

"अवो, काटा गेला ना तुमाले."

"कोठी?"

"कोठी काय! हा काय एवढा थोरला."

सूर्यभाननं हात फिरवून पाहिला. काटा चांगला आत रुतला होता. एरवी पायात सराटा मोडला तर गाव गोळा करणारा हा माणूस. पण आज तो आपल्याच हाताकडे शेजाऱ्याच्या हाताकडे पाहावं तसा पाहत राहिला. काटा मोडला होता तिथं एक फिकट चट्टा होता. वर्षभर तो त्याला गजकर्ण म्हणत होता आणि त्यावर कडूनिंबाचा पाला चोळत होता.

सत्यवतीनं पदराची पिन काढली. काटा उपसला आणि मग पिनेचं टोक चट्ट्यावर टेकवलं.

"इथी लागते?"

"नाई."

"इथी?"

"नाई."

"अन् इथी?"

"अवं माय वं, मेलो!"

हे शेवटचं चट्ट्याच्या बाहेर होतं. सूर्यभान असा उडाला की टोपल्यातली वांगी सरीत सांडली. दोघंही हसली. हसता हसता दोघंही थांबली, आणि खाली मान घालून वांगी वेचू लागली. या रोगाचं नाव आमच्याकडे मोठ्यानं घेत नाहीत, तेव्हा त्यांनीही ते घेतलं नाही.

भीती दोन गोष्टींची होती. एक म्हणजे माळ्याचा हात. ज्याच्या हातावर चट्टा, त्याच्या हातची मेथीची जुडी कोण घेईल? दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी. ती त्या वेळी विहिरीवर मोटेच्या बैलांमागं मागंपुढं करत गाणं म्हणत होती. त्यांची लेक वच्छला लग्नाला आली होती. बापाला असला रोग आहे असं कळलं, तर तिला कुणी दारात उभं करणार नव्हतं.

आता गंमत अशी की औषध बोरझिरीतच होतं, आणि फुकट होतं. सरकारनं त्याच साली गोळ्या सुरू केल्या होत्या. दर शुक्रवारी सकाळी एक खिळखिळी जीप गावात यायची, तिच्यातून नारायणराव कंपाउंडर उतरायचे आणि चावडीच्या ओट्यावर टेबल मांडायचे. चावडी गावाच्या मधोमध. समोर पार, बाजूला विहीर, पलीकडे पिठाची गिरणी. त्यात नारायणराव अमरावतीकडचे, घरात भिक्षुकी, आवाज मंत्रपुष्पांजलीचा. "चट्टा कुठंय? सदरा वर करा!" असं ते म्हणाले की गिरणीतल्या बायकांना ऐकू जायचं.

म्हणून बोरझिरीचा एकही माणूस चावडीवर जात नसे. चावडीवर यायची ती लांबलांबची माणसं. आणि बोरझिरीची माणसं, ज्यांना गरज होती ती, कुठं जायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रोगी ज्या गावचा, त्या गावचा दवाखाना सोडून बाकी सगळे दवाखाने त्याचे, अशी एक रीतच आमच्या मुलखात पडून गेली होती.

सूर्यभाननं बडनेरा निवडलं. बडनेरा लांब, मोटार अमरावतीला बदलावी लागते, आणि जंक्शनच्या गर्दीत कोण कुणाला विचारतो? दवाखाना रेल्वे फाटकाच्या पलीकडे होता आणि शुक्रवारी तिथं बाजारही भरायचा. अडचण एकच होती. बोरझिरीचा माळी आपला माल अचलपूरच्या बाजारात नेतो. पायी जाण्याजोगा बाजार सोडून वांग्याचं टोपलं मोटारीच्या टपावर चढवून बडनेऱ्याला न्यायचं, याला काही कारण नको?

कारण विचारलं देवीदासनं. देवीदास म्हणजे सूर्यभानचा धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागलेला शेजारी. दुसऱ्याच्या वांग्याचा आकार त्याला स्वतःच्या पोरांच्या वयापेक्षा बरा ठाऊक.

"काहून रे, अचलपूर सोडून बडनेऱ्याले?"

सूर्यभाननं टोपल्यातली वांगी उगाच वरखाली केली. आणि तोंडातून जे निघालं ते असं होतं:

"तठी रेल्वेच्या कॉटरातल्या बाया घासाघीस करत नाईत."

देवीदास जागच्या जागी थबकला. माळ्याला तुम्ही सांगा की तिकडं सोन्याची खाण लागली, तो खुरपं खाली ठेवणार नाही. पण घासाघीस न करणाऱ्या बाया! पुढच्या शुक्रवारी मोटारीच्या टपावर दोन टोपली होती. त्याच्या पुढच्या शुक्रवारी टपावर जागा उरली नाही.

बडनेऱ्याच्या बाया कशा होत्या ते आता लपवण्यात अर्थ नाही. एकेक वांगं दाबून, हुंगून, देठ मोडून पाहणाऱ्या, आणि वर कोथिंबीर फुकट मागणाऱ्या. बोरझिरीचे माळी पहिल्याच दिवशी सोलून निघाले. पण घरी येऊन कबूल कोण करणार? देवीदास पारावर म्हणाला, "वा! बोलतच नाईत बाया. टाकतात झोयीत अन् जातात." दुसऱ्यानं मान डोलवली, कारण आपण एकटेच फसलोय असं दिसायला नको. अशा रीतीनं सूर्यभानची थाप पुऱ्या गावानं राखली.

सूर्यभानचे मात्र हाल. टोपलं घेऊन तो फाटकाकडे निघाला की देवीदास मागं. "तिकडंच हायेत काय रे त्या बाया?" एकदा तर देवीदास थेट दवाखान्याच्या दारापर्यंत आला. तेव्हा सूर्यभाननं दवाखान्याच्या चपराशाला पाव-पाव करत सगळी वांगी विकली आणि गोळी न घेताच परत आला. असं दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. करंगळीला मुंग्या येऊ लागल्या. खुरपं धरताना ती बाकीच्या बोटांबरोबर मिटेना; एकटीच बाहेर राहायची.

या येण्याजाण्यात एक चांगली गोष्ट झाली होती, म्हणजे तेव्हा ती चांगली वाटली होती. फाटकावर वसंत नावाचा एक फाटकवाला होता. आपल्यातलाच पोरगा, बाप नाही, आई फुलं विकते. गाडीसाठी फाटक लागलं की सूर्यभान त्याच्या केबिनपाशी टोपलं उतरवायचा. पोरगा पाणी द्यायचा, टोपल्याला हात लावू लागायचा, आणि कुठं चाललात असं एकदाही विचारायचा नाही. न विचारणारा जावई मिळाला तर आणखी काय पाहिजे! सूर्यभाननं सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "आमची बी एक पोरगी हाये, बोरझिरीले."

वसंतनं घरी सांगितलं. आणि त्याची आई माणिकबाई ताबडतोब म्हणाली, "बोरझिरी? पाहून येतो."

ती पुढच्याच शुक्रवारी आली. सूर्यभान अर्थातच बडनेऱ्याला गेला होता. संध्याकाळी सत्यवतीनं हकिगत सांगितली.

"बाई दणकट हाये. आवाज फाटका. दोन वाट्या शिरा खाल्ला. पोरीले चालून दाखव म्हने, चालली. सुईत दोरा ओव म्हने, ओवला. जाताना म्हने, पोरगी बरी दिसते, पन भाकर नाई पाह्यली. पुढच्या शुक्रवारी येतो."

पुढच्या शुक्रवारी तिनं भाकर पाहिली, आणि म्हणाली पुरण नाही पाहिलं. पुरण पाहिलं, तर केस सोडलेले पाहायचे राहिले. केस पाहिले, तर म्हणाली पोरगी उन्हात कशी दिसते ते पाहावं लागेल, आज आभाळ होतं. वच्छला तेच एक हिरवं लुगडं नेसून दर शुक्रवारी अंगणात इकडून तिकडं चालायची. पहिल्या खेपेला शेजारच्या बाया हौसेनं पाहायला आल्या. नंतर त्या कुजबुजायला लागल्या. नंतर येईनाशा झाल्या, आणि ते तर फारच वाईट होतं.

"बैल घेतानाबी एवढ्या खेपा नाई करत मानूस," सत्यवती म्हणाली. "तुमी एक शुक्रवार घरी राहा अन् हो की नाई ते तोंडावर विचारा तिले."

"तिले दुसऱ्या वारी बोलाव."

"म्हटलं मी. म्हनते, शुक्रवार देवीचा, सोयरीक शुक्रवारीच बोलतो."

वच्छला चुलीपाशी भाकरी थापत होती. ती मागं न वळता म्हणाली, "बाबा, मले आता ते लुगडं नेसाची लाज वाटते."

एवढंच म्हणाली. सूर्यभाननं ताट पुढून सारलं. लेकीला दर आठवड्याला बाजारात मांडल्यासारखं चालवून ताटकळत ठेवणारी ती बाई त्याला समोर हवी होती. आणि शुक्रवारी तर तो बडनेऱ्यात. तिथंही गोळी मिळतच नव्हती.

शेवटी डोकं चाललं ते सत्यवतीचं.

"मी म्हनतो, तुमी बडनेऱ्याले जाताच काहून आता?"

"मंग कोठी जाऊ?"

"चावडीवर. अवो, शुक्रवारी गावात चिटपाखरू तरी असते काय? झाडून सारे माळी तुमच्या मागं बडनेऱ्याले. त्याईच्या बायकाबी निम्म्या तिकडंच. तुमी पांघरून घेऊन पडा सकाळी, ताप हाये म्हना. मोटार गेली की उठा, गोळी घ्या, अन् घरी येऊन त्या बाईले धरा."

सूर्यभाननं बायकोकडं पाहिलं. एवढी अक्कल घरात असताना आपण अमरावतीला मोटार बदलत होतो, याचं त्याला वाईट वाटलं.

शुक्रवारी देवीदास हाक मारायला आला तेव्हा सूर्यभान घोंगडीखाली कण्हत होता. देवीदासनं कपाळाला हात लावून पाहिला नाही, कारण त्याचा डोळा मोटारीकडे होता. मोटार गेली. धुरळा बसला. सूर्यभाननं घोंगडी टाकली, डोक्याला उपरणं असं गुंडाळलं की फक्त नाक दिसावं, आणि स्वतःच्या गावात चोरासारखा भिंतीभिंतीनं चावडीवर आला.

ओट्यावर बरीच माणसं होती. सगळी परगावची, सगळी नाकापर्यंत झाकलेली. नारायणराव टेबलामागून गरजले, "पंजाबराव!" तीन पंजाबराव उठले. नारायणरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "तिघांतले खरे पंजाबराव कोण?" तिघंही खाली बसले. सूर्यभाननं आपलं नाव उत्तमराव ठरवून टाकलं आणि तेच टेबलावर लिहवलं.

त्याच्या पुढं एक बाई होती. पदर ओढून गाल झाकलेला, हातात फुलांची रिकामी पाटी. ती नारायणरावांना म्हणत होती, "मले पयले सोडा जी. उशीर होते."

"सगळ्यांनाच उशीर होतो, बाई. बसा."

बाई पाय आपटत बसली आणि सूर्यभानकडे वळली. आमच्या मुलखात दोन माणसं शेजारी बसली आणि बोलली नाहीत असं होत नाही. तोंडं झाकलेली असली तरी.

"कोन्या गावचे जी तुमी?"

"लांबचा. उत्तमराव मी."

"मीबी लांबचीच, बडनेऱ्याची. तठीबी हाये दवाखाना, पन माहा पोरगा फाटकावर असते, अन् दवाखाना फाटकाच्या तिकडं. पोराच्या डोयापुढून कशी जाऊ? तं अठी येतो."

सूर्यभानचं उपरणं नाकावरून घसरलं. त्यानं ते घाईघाईनं वर ओढलं. मग तो म्हणाला, "एवढ्या दूर? घरी काय सांगता?"

"सांगाले लय चांगली सोय झाली ना! अठी एक सूर्यभान माळी हाये. त्याच्या पोरीले पाहाले जातो म्हनून सांगतो. दर शुक्रवारी पाहातो." बाई हसली, पण हसू लवकर संपलं. "पोरगी सोनं हाये जी. पयल्याच दिवशी पसंत पडली मले. पन हो म्हटलं तं लगन लागते, अन् लगन लागलं तं पाहाले येनं बंद. मंग गोळी कोठून घेऊ? म्हनून आज भाकर, उद्या पुरन. आता तं पाहाचं काही राह्यलंच नाई. आज म्हनतो, दात पाहीन."

"दात!"

"काय करू? ते पोरगी चालते माह्यासमोर खाली मान घालून, अन् माहं पोट जयते. पन भेव लय वाईट असते, उत्तमराव."

सूर्यभानचं एक मन म्हणत होतं, हिच्या झिंज्या धराव्या. दुसरं मन म्हणत होतं, अरे, तू तरी कुठं वेगळा आहेस? आणि तेवढ्यात गावचा कोतवाल नत्थुजी पाण्याची घागर घेऊन ओट्यावर चढला. झाडून सगळं गाव बडनेऱ्याला गेलं तरी कोतवाल चावडी सोडत नाही, हे सत्यवतीच्या हिशेबातून निसटलं होतं. नत्थुजीनं घागर ठेवली, डोळे बारीक केले आणि ज्या आवाजात तो दवंडी देतो त्याच आवाजात म्हणाला,

"आँ? सूर्यभान! ताप उतरला काय रे बाप्पा?"

माणिकबाईचा पदर गालावरून खाली आला. कानाच्या पाळीपाशी चट्टा होता, सूर्यभानच्या चट्ट्यासारखाच फिकट. दोघं एकमेकांकडे पाहत राहिली. इवाई आणि इहीण, म्हणजे व्याही-विहीण, यांची पहिली भेट अशी झाली. नारळ नाही, कुंकू नाही, मध्ये कोतवालाची घागर.

"उत्तमराव!" नारायणराव ओरडले. कुणीच उठलं नाही.

गोळ्या घेऊन दोघं घराकडे निघाली. सूर्यभान पुढं, माणिकबाई दहा पावलं मागं. घरी सत्यवतीनं पाट मांडला होता. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला, बाईचा उघडा कान पाहिला, आणि सूर्यभाननं अर्धीच गोष्ट सांगितली तोवर तिला पुरती कळली. मग ती जी कडाडली ती विचारू नका.

"गोळीसाठी? माही पोरगी तुमी गोळीसाठी चालवत होत्या अंगनात? अवो बाई, दहा घरच्या बाया आमाले हसल्या. पोरीनं रात्री रडून उशी भिजवली. तुमाले चट्टा होता तं मले सांगाचं होतं, मी काय परकी होती? माह्या घरातबी तेच हाये ना!"

माणिकबाई खाली बसली. एवढी दणकट बाई, पण बसली ती पोतं टाकल्यासारखी. "चुकलं माहं. आता मोडा सोयरीक. पन माह्या पोराले सांगू नोका."

"आमीच मोडतो!" सूर्यभान म्हणाला. "मी तुमचं झाकतो, तुमी माहं झाका, अन् त्या बदल्यात लगन, असा सौदा मले पाह्यजे नाई. पोरगी हाये, वांगं नाई."

वच्छला दारात उभी होती. आज तिनं हिरवं लुगडं नेसलं नव्हतं; कामाचंच होतं, गुडघ्याला माती.

"मले कोनी विचारत नाई काय?" ती म्हणाली.

तिघांनी माना वळवल्या, तेव्हा ती उंबरा ओलांडून आत आली.

"मले ठाऊक होतं. दुसऱ्या खेपेलेच. मी पान्याले गेली तं ह्या चावडीवर बसल्या होत्या."

"अन् बोलली नाईस?" सत्यवती म्हणाली.

"काय बोलू? बाबा शुक्रवारी कोठी जातात तेबी मले ठाऊक होतं. तुमी दोघं मले सांगत नोवते, मंग मी काहून सांगू?" ती माणिकबाईकडे वळली. "मले वाटलं, ह्याईले सून नाईच पाह्यजे. नुसतं यायचं निमित्त पाह्यजे. त्याचं रडू आलं मले. आता म्हनतात पयल्याच दिवशी पसंत केलं. खरं काय ते सांगा."

माणिकबाईनं नाक पुसलं. "खरं सांगतो माय. पयल्या दिवशी."

"मंग लगन करा. अन् गोळीचं मी पाहातो. सुनेले माहेर असते ना? दर शुक्रवारी मी माहेरी येईन. तुमी मले पोचवाले या."

माणिकबाईनं पुढं होऊन तिच्या गुडघ्याची माती पुसली.

लग्न झालं. वसंत खरोखरच विचारत नसे. बायको दर शुक्रवारी माहेरी निघाली तरी त्यानं फाटक उघडून दिलं. सूर्यभानही आता तापाचं सोंग न करता चावडीवर जाऊ लागला. वांगी सत्यवती अचलपूरला नेई. नत्थुजीचं तोंड बंद राहिलं, कारण त्याच्या घरी ताजी भाजी कमी पडणार नाही याची सत्यवतीनं सोय केली होती.

पण लोकांचे डोळे कोण बंद करणार? शुक्रवारी संध्याकाळी अमरावतीची मोटार बोरझिरीच्या फाट्यावर थांबायची. तिच्यातून बडनेऱ्यात लुटलेले माळी उतरायचे, आणि माणिकबाई नि वच्छला परतीच्या मोटारीसाठी तिथंच लिंबाखाली उभ्या असायच्या. दर शुक्रवारी. नव्या नवरीच्या हातात पिशवी, आणि सासू तिचा दंड धरून. गावानं याचा अर्थ लावला तो असा: पोरगी नांदत नाही. आठवड्याला पळून येते, आणि बिचारी सासू येऊन ओढून नेते.

गिरणीत हेच, विहिरीवर हेच. सासूला 'बिचारी' म्हणताना बायांच्या डोळ्यांत पाणी यायचं. वच्छलाच्या कानावर हे गेलं होतं. येताना तिची मान पहिल्यासारखी खाली जायला लागली, त्या अंगणात चालताना जायची तशी, आणि सूर्यभानला ते पाहवत नव्हतं. माणिकबाईलाही दिसत होतं. मोटारीत ती सुनेचा हात आपल्या मांडीवर घेऊन बसायची आणि खिडकीबाहेर बघायची.

चैत्रातल्या एका शुक्रवारी मोटार आली. माळी टपावरून टोपली उतरवू लागले. सूर्यभान लेकीला पोचवायला आला होता. देवीदास खाली उतरला. त्या दिवशी एका बाईनं त्याच्याकडून वांग्यावर मिरच्या, मिरच्यांवर कोथिंबीर आणि कोथिंबिरीवर लिंबू काढलं होतं, त्यामुळे कुणावर तरी राग काढायचाच होता.

"सूर्यभान, लेकीले नांदव रे बाप्पा!" तो म्हणाला, आणि टोपल्या उतरवणारे हात थांबले. "हे म्हातारी किती खेपा करन? लगन झालं की पोरीचा पाय सासरी राह्यला पाह्यजे." मग तो माणिकबाईकडे वळला. "इहीनबाई, टाका हिले. बोरझिरीत पोरींचा दुष्काळ नाई. माही पुतनी हाये. एखाद्या शुक्रवारी पाहून जा."

सूर्यभानचा हात आपोआप बाहीकडे गेला आणि त्यानं बाही आणखी खाली ओढली. वच्छला पिशवीच्या बंदाकडे पाहत होती.

माणिकबाईनं सुनेचा दंड सोडला.

"पाहाचं?" ती म्हणाली. फाटका आवाज, तो मोटारीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "माहं पाहून झालं जी. या पोरीले मी सारा हिवाळा पाह्यलं. ते पळून येत नाई. मी येतो. तिले मी नेत नाई, ते मले आनते. तुमच्या चावडीवर गोळी भेटते, त्यासाठी." तिनं पदर कानामागं सारला. "हे पाहा. रगतपिती हाये मले. पाहा चांगलं डोये फाडून! अन् आता जो माह्या सुनेले नांदत नाई म्हनन, त्याच्या तोंडाले हाच हात लावतो."

कंडक्टरनं घंटीची दोरी ओढायला हात वर केला होता, तो वरच राहिला. मोटारीच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. एका माळ्यानं टोपलं मागं ओढलं. दुसऱ्यानं पाहिलं की कुणी पळत नाही, तेव्हा तोही उभा राहिला.

देवीदास मात्र जागचा हलला नाही. त्याचा सगळा राग कुठं गेला कोण जाणे. तो माणिकबाईच्या कानाकडे पाहत होता, आणि पाहता पाहता त्याचा डावा हात धोतराच्या काठावरून मांडीवर एका जागी गेला आणि तिथंच थांबला. मग तो हळू, अगदी शेजारच्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला,

"गोळी... कडू असते काय जी?"

माणिकबाई उत्तर द्यायला वळली. पण तिच्या आधी सूर्यभान पुढं झाला. त्यानं सदऱ्याची बाही कोपराच्या वर सारली आणि चट्टा सगळ्यांपुढं उघडा केला.

"नाई रे," तो म्हणाला. "कडू नाई लागत. वरून पानी घेतलं की झालं." मग त्यानं वाकून देवीदासचं रिकामं टोपलं उचललं आणि आपल्या खांद्यावर घेतलं. "पुढच्या शुक्रवारी बडनेऱ्याले नोको जाऊ. माह्यासंगं चावडीवर चाल."